एकाच लहरीवर अख्खं गाव!

सोलापूरच्या पूर्व भागात लग्नाच्या पंगतीत कान टवकारा. इकडे तेलुगू, तिकडे कन्नड, मधेच मराठी, पलीकडे दखनी. सगळे एकदम बोलतायत, तरी ज्याचं त्याला बरोबर कळतं! माहीत आहे का, रेडिओवाल्यांची एक जबरदस्त आयडिया नेमकी अशीच चालते? नाव सीडीएमए. भाषेच्या जागी असतो 'स्प्रेडिंग कोड'. फ्रिक्वेन्सीची वाटणी नाही, वेळेचे नंबर नाहीत. सगळे एकदम ऑन!

जादू बघायचीय? कागद-पेन घ्या. मंदाचा कोड: +१, +१, +१, +१. नंदाचा: +१, −१, +१, −१. मंदाला 'हो' म्हणायचंय, ती कोड तसाच सोडते. नंदाचं 'नाही', म्हणून तिचा कोड उलटा: −१, +१, −१, +१. हवेत दोघींची बेरीज होते: ०, २, ०, २. झाली खिचडी? छे! एकेका आकड्याला मंदाच्या कोडने गुणा, बेरीज करा: +४, म्हणजे 'हो'. नंदाच्या कोडने करा: −४, म्हणजे 'नाही'. दोघी सहीसलामत सुटल्या! इतकं देखणं गणित खिशातल्या फोनमध्ये धावत होतं, राव.

हे कोड येतात जोसेफ वॉल्श यांच्या १९२३ च्या गणितातून. तेव्हा मोबाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हता. सत्तर वर्षांनी, १९९३ च्या सीडीएमए स्टँडर्डमध्ये असे ६४ कोड कामाला लागले.

आणि या गोष्टीत मराठी आडनाव? आहे ना! दिलीप सरवटे. आयआयएस्सी, मग प्रिन्स्टन, मग इलिनॉय विद्यापीठ. कुठला कोड दुसऱ्याच्या बोलण्यात किती लुडबुड करतो, याचा हिशोब मांडणारा सरवटे आणि मायकल पर्सली यांचा १९८० चा निबंध या विषयात गाजलेला. कितीही डोकं लढवा, कोडची दुसऱ्याशी होणारी लुडबुड आणि स्वतःच्याच उशिरा आलेल्या प्रतीशी होणारी लुडबुड, दोन्ही एकदम एका मर्यादेखाली जात नाहीत. त्या मर्यादेला म्हणतात 'सरवटे बाउंड'. कॉलर टाइट!

२००३ चा 'मान्सून हंगामा' आठवतोय? ५०१ रुपयांत रिलायन्सचा फोन हातात! तो सीडीएमएच होता. सुरुवातीच्या त्या हँडसेटला सिमकार्डच नसायचं.

सीडीएमएची एक गोची होती: टॉवरजवळचा फोन जोरात बोलला, तर लांबचा बुडालाच. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा बजावायचा: 'हळू!' नाहीतर 'जरा जोरात!' त्यातून गर्दी वाढली की टॉवरचं कव्हरेज आक्रसायचं, गर्दी ओसरली की पसरायचं. इंजिनीअर म्हणायचे, टॉवर श्वास घेतोय.

या गोष्टीत एक हॉलिवूडची हिरोइनही आहे, हेडी लमार! संगीतकार जॉर्ज अँथाइलबरोबर १९४२ मध्ये तिने पेटंट मिळवलं. सिग्नलने फ्रिक्वेन्सीवरून फ्रिक्वेन्सीवर उड्या मारायच्या. किती फ्रिक्वेन्सी? ८८, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच. ही सीडीएमएची चुलत बहीण. तुमचं ब्लूटूथ सेकंदाला १६०० उड्या मारतं, ते याच खानदानातलं.

सीडीएमए फोन गेले, कोड मात्र गेले नाहीत. जीपीएसचे सगळे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. प्रत्येकाचा १०२३ तुकड्यांचा स्वतःचा 'गोल्ड कोड', दर मिलिसेकंदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू. नावात गोल्ड आहे ते रॉबर्ट गोल्ड यांचं, सराफ कट्ट्याचा संबंध नाही! इस्रोची दिशादर्शन यंत्रणा 'नाविक'ही गोल्ड कोड वापरते, आणि ५जीसुद्धा सिग्नल घुसळायला गोल्ड कोडच वापरतं.