पाठवणाऱ्याचा पत्ता खरा कशावरून?

टपालाच्या पाकिटावर दोन पत्ते असतात, घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा. टपालखाते पहिला वाचते. दुसऱ्याची शहानिशा कोणी करीत नाही. इंटरनेटचा व्यवहार मुळात असाच आहे. मजकुराचे प्रत्येक पुडके, म्हणजे पॅकेट, राउटर नावाच्या यंत्रांतून पुढे सरकते, आणि राउटर एरवी एवढेच पाहतो की ते कोठे जायचे आहे.

येथेच लबाडाला वाव मिळतो. पाठवणाऱ्याच्या जागी तो दुसऱ्याचा पत्ता घालतो व अनेक यंत्रांना छोटेसे प्रश्न विचारतो. भलीमोठी उत्तरे मात्र त्या निरपराध्याच्या दारावर आदळतात. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर असा लोंढा सेकंदाला १.३५ टेराबिट वेगाने कोसळला आणि ते संकेतस्थळ काही मिनिटे बंद पडले.

यावर उपाय काय? कोणत्या पत्त्यासाठी कोणते दार, याची नोंदवही राउटरजवळ असतेच. तीच उलट वाचावयाची. कडक पद्धतीत राउटर स्वतःला विचारतो, ‘या पत्त्याला उत्तर धाडायचे झाले, तर मी ते याच दाराने धाडीन काय?’ उत्तर ‘नाही’ आले, की पॅकेट टाकून दिले जाते. सैल पद्धतीत पत्ता वहीत कोठेतरी असला की पुरे. मधल्या पद्धतीत सर्वोत्तम मार्गाबरोबर इतर ज्ञात मार्गही ग्राह्य धरतात.

मग सर्वत्र कडक पद्धतच का नको? मोठ्या संस्थेकडे दोन जोडण्या असतात. तिचे पॅकेट एका वाटेने जाते, उत्तर दुसरीने येते. तेथे कडकपणा प्रामाणिकालाच शिक्षा करतो. उलट, सैल पद्धत गिटहबसारख्या प्रसंगी निरुपयोगी; कारण बळीचा पत्ता खराच असल्याने वहीत सापडतोच. म्हणून ज्या घराला एकच वाट आहे त्याच्या दाराशी कडक तपासणी, आणि जेथे वाटा अनेक तेथे मधली, हे आम्हांस योग्य वाटते.

उगमापाशीच तपासणी करा, हा सल्ला इंटरनेटचे मानदंड ठरवणाऱ्या अभियंत्यांनी मे २००० मध्येच दिला. २००४ मध्ये या पद्धती विशद केल्या. तरीही काम अपुरे आहे. कारण साधे आहे: जो तपासणी करतो त्याचा खर्च होतो आणि बचाव होतो परक्याचा. आपल्या दारातून खोटे पत्र बाहेर जाऊ न देणे, हा शेजारधर्मच आहे. आणि आपले रक्षणही शेजाऱ्याने तो पाळण्यावरच अवलंबून आहे.