‘जन्मजात’ या एका शब्दावर अडलेलं ऑपरेशन

आजचा एपिसोड माकुणसारहून, घरच्या पडवीत बसून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मधेच कोंबडा आरवला तर समजून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लेखी अवतार.

विषय लहान मुलांच्या खुब्याचा आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची अजून लग्नं नाहीत, मुलं तर लांबच. पण घरात भाचा-भाची, पुतण्या-पुतणी असते, आणि घरातला फोन चालवणारा माणूस तुम्हीच असता. फॉर्म भर, पीडीएफ कर, पोर्टलवर टाक, सगळं तुमच्याकडेच येतं. आमच्याकडे ते माझ्याकडे आलं. पेशंट माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, वय वीस महिने.

ती उशिरा चालायला लागली. चालली तेव्हा बदकासारखी, डावीकडे झुकत. आई म्हणाली, पोरं सुरुवातीला अशीच चालतात. वहिनीला ते पटेना. पालघरला एक्स-रे काढला आणि तिथल्या डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला: डावीकडचं मांडीचं हाड खुब्याच्या वाटीत नव्हतंच. वर सरकून बाहेर बसलं होतं.

म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं आणि कमरेच्या हाडात त्याच्यासाठी वाटी. बाळात ही वाटी बरीचशी कूर्चेची, मऊ असते, आणि चेंडू आत बसून फिरत राहिला तरच ती खोल होत जाते. चेंडू बाहेर राहिला की वाटी उथळच राहते. याला डॉक्टर डीडीएच म्हणतात. मुलींमध्ये जास्त, पहिल्या बाळात जास्त, पायाळू बाळात जास्त, डाव्या बाजूला जास्त. आमच्या भाचीने चारही रकाने भरले होते.

सगळ्यात वाईट गोष्ट, हे दुखत नाही. बाळ रडत नाही, ताप येत नाही. जन्मल्यावर डॉक्टर बाळाचे गुडघे धरून मांड्या अलगद बाहेर फिरवतात, ती तपासणी याचसाठी असते. निसटलेला चेंडू आत सरकताना हाताला ‘खट्’ असं जाणवतं. इटलीच्या मारिनो ऑर्तोलानी या बालरोगतज्ज्ञाचं नाव त्या तपासणीला आहे. पण काही खुबे पहिल्या दिवशी ठीक असतात आणि नंतर निसटतात, म्हणून एकदा तपासलं की झालं असं नसतं. पहिल्या चार-सहा महिन्यांत सोनोग्राफीत दिसतं, त्यानंतर एक्स-रेत.

आता घरात काय सुरू झालं ते सांगते. शेजारच्या एक काकू येऊन वहिनीला विचारून गेल्या, “ग्रहण पाळलं होतंस ना गं?” एवढंच वाक्य. वहिनी त्या रात्री जेवली नाही. ग्रहणात चिरलं तर ओठ फाटतो, पाय दुमडून बसलं तर पाय वाकडा, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की शिकलेली बाईसुद्धा मनातल्या मनात तारखा मोजायला लागते. ऐका, ग्रहणाचा आणि खुब्याचा काही संबंध नाही. आईने गरोदरपणी काय केलं, काय नाही केलं, यातून हा दोष ठरत नाही. बाळ पोटात कसं बसलंय, सांधे किती सैल आहेत, घराण्यात कुणाला होतं का, यावर ते जातं.

जन्मानंतरची एक सवय मात्र खरंच महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात गच्च बांधायचे, ‘पाय सरळ व्हावेत’ म्हणून. असं बांधलं की चेंडू वाटीतून बाहेर ढकलला जातो. जपानात १९७५च्या सुमारास देशभर मोहीम काढून आयांना सांगितलं गेलं की बाळाचे पाय ताणून बांधू नका, आणि तिथलं निसटलेल्या खुब्यांचं प्रमाण खूप खाली आलं. बाळाला गुंडाळा, पण कमरेखाली सैल, पाय बेडकासारखे दुमडून बाहेर पडतील इतकी जागा ठेवून. आपल्याकडे पोराला कडेवर घेतात, मांड्या फाकवून, ती बसण्याची रीत खुब्यासाठी उत्तम आहे. आजीचं एक चुकीचं, एक बरोबर.

आणि एक गोष्ट मला या सगळ्यात कळली, जी पालघरकरांना तरी माहीत असायला हवी. मुलांची जन्मजात व्यंगं लवकर शोधून मोफत उपचार करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, त्याची देशातली सुरुवातच पालघरला झाली, ६ फेब्रुवारी २०१३ला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४चा. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, आणि त्यांच्या यादीत खुब्याचा हा दोष नावानिशी आहे. वाकडं पाऊल, फाटलेला ओठ, हृदयाचं छिद्र हेही आहे. पुढच्या उपचाराची सोयही त्यातूनच होते. तेव्हा अंगणवाडीत गाडी येणार असेल त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

उपचार वयावर ठरतो. सहा महिन्यांच्या आत सापडलं तर कापडी पट्ट्यांचा एक पट्टा, पाव्लिक हार्नेस म्हणतात, काही आठवडे बांधून बहुतेक बाळांचं काम होतं. ऑपरेशन नाही, काही नाही. त्यानंतर साधारण दीड वर्षापर्यंत भूल देऊन चेंडू बाहेरूनच आत बसवून प्लास्टर घालून बघतात. दीड वर्ष उलटलं की बहुधा उघडून बसवावा लागतो, आणि कधी कधी कमरेचं हाड कापून वाटीचं छत खाली वळवावं लागतं. ही पद्धत टोरांटोच्या रॉबर्ट साल्टर यांची. भाचीचं हेच करायचं ठरलं, मुंबईत, आणि सर्जननी स्पष्ट सांगितलं की प्रत्येक महिना वाटीच्या विरुद्ध जातोय.

तारीख मिळाली, आणि आईने नवस काढला.

तिने केळव्याच्या शितलादेवीला आधीच बोलून ठेवलं होतं: पोर चालत येईल आणि ओटी भरेल. शिवाय विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला. तिचं म्हणणं, चैत्रातली यात्रा होऊ दे, मग ऑपरेशन. यात्रा अडीच महिन्यांवर. दादा गप्प, वहिनी रडवेली, आणि मी सर्जनचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगतेय. मला देवाधर्माचं फार कळत नाही, पण एवढं दिसत होतं की आईशी एक्स-रे दाखवून भांडण्यात अर्थ नव्हता. तिची भीती एक्स-रेत नव्हती. भुलीतून पोर उठलीच नाही तर, ही भीती होती, आणि ती मोठ्याने बोलायला तिच्याकडे नवसाशिवाय दुसरी भाषा नव्हती.

तोड वडिलांनी काढली. महालक्ष्मीची कथा आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे: गरोदर बाई दर्शनाला डोंगर चढताना चक्कर येऊन पडली, तेव्हा देवी म्हणाली, तू चढू नकोस, मीच पायथ्याशी येते. म्हणून खाली देऊळ आहे. वडील म्हणाले, “जी देवी चालता येत नाही म्हणून स्वतः खाली उतरली, ती या पोरीला यात्रेपर्यंत लंगडत थांबायला सांगेल होय?” आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तारीख घ्या, मी देवीचं बघते.

श्रद्धा आणि उपचार यांचं भांडण असतं असं आपण धरून चालतो. मला वाटतं, भांडण बहुतेक वेळा वेळापत्रकाचं असतं. ते सुटलं की श्रद्धा फार कामाची ठरते, कारण पुढचे सहा आठवडे कोणीतरी न खचता घरात वावरायला लागतं.

आता विमा. इथे जरा लक्ष द्या.

दादा बोईसरच्या एमआयडीसीत आहे. आधी त्याला ईएसआयसी होतं. पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल तर ते लागू, कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. पगारवाढ झाली आणि तो हद्दीबाहेर गेला. (पगार मध्येच वाढला तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चपर्यंत, संरक्षण राहतं. वाढीच्या आनंदात हे कुणी सांगत नाही.) मग आली कंपनीची ग्रुप मेडिक्लेम, बायको-मुलांसकट.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी कॅशलेस नाकारल्याचा मेल आला. कारण एका ओळीत: जन्मजात व्याधी, पॉलिसीत समाविष्ट नाही. विमा कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण हीच ओळ तुम्हाला कुठल्याही कंपनीकडून येऊ शकते.

मी रात्री पॉलिसीची पूर्ण पीडीएफ उघडली. विमा क्षेत्राच्या ठरलेल्या व्याख्येत जन्मजात दोषाचे दोन प्रकार आहेत. बाह्य, म्हणजे शरीराच्या दिसणाऱ्या, हात लावता येणाऱ्या भागातला. आणि अंतर्गत, म्हणजे तसा न दिसणारा. दादाच्या पॉलिसीत वगळलेला होता फक्त बाह्य. बऱ्याच पॉलिसींमध्ये असंच असतं. आता मला सांगा, कमरेच्या आत, स्नायूंच्या खाली असलेला सांधा, जो एक्स-रेशिवाय कळला नाही, तो बाह्य कसा? मेलमध्ये मात्र नुसतं ‘जन्मजात’ होतं. ‘बाह्य’ हा शब्दच गाळलेला.

दुसरा मुद्दा ते पुढे काढतील अशी शंका होती: आधीपासूनचा आजार. तर त्याचीही व्याख्या आहे. पॉलिसी घेण्याआधीच्या ठरावीक काळात, सध्या ३६ महिने, डॉक्टरने निदान केलेला किंवा उपचार सुचवलेला आजार. जन्मापासून असणं आणि आधी निदान झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

दोन दिवसांत हे निस्तरणं शक्य नव्हतं. पण कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नसतं. पैसे भरून नंतर परतफेड मागता येते. वहिनीचे दागिने पतपेढीत ठेवून पैसे उभे केले आणि तारीख पाळली. त्याच वेळी सर्जनकडून त्यांच्या लेटरहेडवर तीन वाक्यं लिहून घेतली: दोष अंतर्गत आहे, बाहेरून दिसत नाही, पहिलं निदान अमुक तारखेला झालं. या कागदाने काम केलं. डिस्चार्ज समरीत नुसतं ‘जन्मजात’ लिहिलेलं असेल तर घरी जाण्याआधी दुरुस्त करून घ्या, नंतर कुणी भेटत नाही.

परतफेडीचा क्लेमही आधी नाकारला गेला. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला: क्लेम नाकारताना पॉलिसीचं नेमकं कलम सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे, ते सांगा, आणि दोष बाह्य कसा तेही सांगा. सोबत सर्जनचं पत्र. तीच तक्रार आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर टाकली. अठराव्या दिवशी क्लेम मंजूर झाला. हातमोजे, कापूस वगैरे वजा करून. नसता झाला तर पुढची पायरी विमा लोकपाल: कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही.

मधल्या काळात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचाही प्रयत्न केला होता. २०१२ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली हीच ती. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि पांढरं रेशन कार्डही चालतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, हेल्पलाइन १५५३८८. आम्ही अडलो कुठे, तर भाचीचं नाव रेशन कार्डावर चढवलेलंच नव्हतं. बारशाला दोनशे माणसं जेवली, पण तहसीलला कुणी गेलं नाही. घरात नवं बाळ असेल तर या आठवड्यात जा. ज्यांच्याकडे विमाही नाही आणि योजनाही बसत नाही, त्यांनी रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का ते विचारावं. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

ऑपरेशनला साडेतीन तास लागले. आई बाहेर बाकावर जपमाळ घेऊन बसली होती आणि दर वीस मिनिटांनी मला विचारत होती, “मोबाइलवर काही आलं का?”

त्यानंतरचं प्लास्टर. छातीपासून डाव्या घोट्यापर्यंत आणि उजव्या गुडघ्यापर्यंत, दोन्ही पाय फाकलेले. याला स्पायका म्हणतात. अशी पोर लोकलच्या गर्दीत आणता येत नाही, रिक्षात मावत नाही. मागची सीट पूर्ण मोकळी असलेली गाडी आधीच ठरवा. प्लास्टरच्या कडेला आतून छोटा डायपर खोचायचा, वरून मोठा. पायाची बोटं रोज बघायची: निळी, गार किंवा सुजलेली दिसली तर लगेच डॉक्टर. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. हे सगळं आईने केलं, नवसाच्या उपासासकट. रात्री दोनला उठून पोरीला वळवणारी तीच होती.

प्लास्टर निघाल्यावर पाय आखडलेला असतो, पोर चालायचं विसरल्यासारखी करते, त्याला घाबरायचं नाही. विवळवेढ्याला गेलो तेव्हा ती अजून धड चालत नव्हती. आईने तिला कडेवरच नेलं आणि ओटी भरली. चालत यायचं बोललीस ना, असं कुणी विचारलं नाही.

हाडात घातलेल्या दोन तारा नंतर काढाव्या लागतात. ते दुसरं, छोटं ऑपरेशन, म्हणजे दुसरा क्लेम, आणि पहिल्या मंजुरीचं पत्र त्याला जोडायचं. आयआरडीएआयच्या २०२४च्या नियमानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायला हवा. आमचा पंचावन्न मिनिटांत आला. मंजूर.