विश्लेषण : मानेत बसवलेले स्क्रू सैल का होतात? पुन्हा शस्त्रक्रिया करावीच लागते का?

मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, हातातील कळा थांबल्या. मात्र काही काळाने दुखणे परतले आणि एक्स-रेमध्ये स्क्रू सैल झालेला दिसला. अशा वेळी पुढे काय?

इम्प्लांटचे काम काय?
मानेत ७ मणके असतात. दोन मणक्यांमधील चकती सरकून नस किंवा मज्जारज्जू दाबला गेल्यास अनेकदा ती गळ्याच्या पुढील बाजूने काढतात. त्या जागी केज आणि हाड भरून टायटॅनियमची प्लेट स्क्रूने बसवतात. ही प्लेट म्हणजे स्लॅबखालचे सेंटरिंग. हाड जुळेपर्यंतच तिने भार पेलायचा असतो.

मग ते निकामी का होते?
हाड जुळलेच नाही, तर प्रत्येक हालचालीचा ताण धातूवर येत राहतो. तार वारंवार वाकवली की तुटते, तसेच स्क्रूचे होते. धूम्रपान, ठिसूळ हाडे, मधुमेह आणि एकाच वेळी अनेक मणके जोडणे यामुळे धोका वाढतो. संसर्गामुळेही स्क्रूची पकड सुटते.

हाड नीट जुळले तरी त्रास होतो?
होऊ शकतो. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७४ रुग्णांच्या अभ्यासात दरवर्षी सरासरी २.९ टक्के रुग्णांना शेजारच्या मणक्यांत नवा त्रास सुरू झाल्याचे आढळले. त्यात शस्त्रक्रियेचा वाटा किती आणि वयाचा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

पुन्हा शस्त्रक्रिया कधी?
स्क्रू सैल आहे, पण हाड जुळले आहे आणि त्रास नाही, तर बहुतेकदा फक्त लक्ष ठेवतात. हाड न जुळल्याने वेदना होत असतील, हात-पायांतील ताकद कमी होत असेल, स्क्रू अन्ननलिकेवर दाबत असेल किंवा संसर्ग असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्याआधी सीटी स्कॅन आणि मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढतात.

दुसऱ्या वेळी जोखीम जास्त का?
जुन्या जखमेच्या चिवट ऊतींमुळे अन्ननलिका आणि आवाजाची नस ओळखणे कठीण जाते. गळ्याच्या दुसऱ्या बाजूने जायचे असल्यास आधी स्वरतंतू तपासतात. एक आधीच निकामी असेल आणि दुसऱ्यालाही इजा झाली, तर श्वास अडू शकतो. हाड जुळले नसेल, तर अनेकदा मानेच्या मागून शस्त्रक्रिया करतात.

काय लक्षात ठेवावे?
शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, गिळायला त्रास किंवा ताप ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना गाठावे. इम्प्लांटचे स्टिकर आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. कोणते स्क्रू बसवले आहेत, हे दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनला माहीत असावे लागते. उपकरणातील बिघाडाच्या नोंदीसाठी भारतात २०१५ पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम सुरू आहे.