नाव कोरले, माणूस वगळला

नवी मुंबईतल्या तळोजा मध्यवर्ती कारागृहातून २६ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रा. आनंद तेलतुंबडे जामिनावर बाहेर आले. एल्गार परिषद प्रकरणात ते अडीच वर्षांहून अधिक काळ कोठडीत होते. ही परिषद भरली होती कोरेगाव भीमाच्या लढाईच्या द्विशताब्दीनिमित्त. त्याच लढाईबद्दल तेलतुंबडे यांनी जानेवारी २०१८ मध्ये एक अवघड प्रश्न विचारला होता: महार शिपाई पेशवाईतल्या जातीय जुलमाविरुद्ध लढले, या समजुतीला इतिहासाचा आधार किती?

प्रश्न टाळण्यासारखा नाही. १ जानेवारी १८१८ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीने भीमाकाठी पेशव्यांच्या फौजेला दिवसभर तोंड दिले. पेशव्यांच्या बाजूने अरब शिपाईही लढत होते. १८२१ मध्ये कंपनीने तिथे विजयस्तंभाची पायाभरणी केली. स्तंभावर धारातीर्थी पडलेल्यांची ४९ नावे आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, त्यावरून ते महार असल्याचे ओळखतात. त्यांच्याच ओळीत मराठे, राजपूत, मुसलमान आणि बेने इस्राएलही आहेत. ज्या महारांना वेशीबाहेर राहावे लागे, त्यांची नावे कंपनीने दगडात कोरली ती स्वतःच्या विजयाची खूण म्हणून.

पुढे साम्राज्याची गरज बदलली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढाऊ वंशां’चा सिद्धांत लष्करी धोरण बनला. काही जमाती जन्मानेच शूर आणि बाकीच्या लढायला नालायक, असे ठरले. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती थांबली. कोरेगावचा स्तंभ उभा असतानाच त्यावरच्या शिपायांचे वारस लष्कराला नकोसे झाले.

त्यांनी मात्र ते मुकाट्याने सोसले नाही. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी पुन्हा भरती करा असा अर्ज केला. आर्य-अनार्य या वंशकल्पनेला तोंड देणाऱ्या त्यांच्या संस्थेचे नाव होते ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांतले महार एकत्र आणले आणि १९१० मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर स्तंभाजवळ आले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या चिन्हात हाच स्तंभ होता.

वंशाच्या भाषेलाही आंबेडकरांनी उत्तर दिले. वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी नाकांची मापे घेऊन जातींची प्रतवारी लावली होती. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात आंबेडकरांनी अशाच मोजमापांच्या आधारे ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, असे मांडले. भेद वंशाचा नाही, समाजाने घातलेला आहे, ही त्यांची भूमिका होती.

म्हणून कोरेगावच्या इतिहासात दोन्ही गोष्टी मांडाव्या लागतात. शिपाई पगारासाठी कंपनीत गेले असतील आणि तरीही, शतकभराने त्यांच्या नावांनी लाखोंना मान ताठ ठेवायचे बळ दिले, हेही तितकेच खरे आहे. १८१८ च्या त्या शिपायांच्या मनात काय होते, हे स्तंभ सांगत नाही. वलंगकर आणि कांबळे मात्र स्वतः लिहून बोलले आहेत. शाळेच्या पुस्तकात लढाईइतकीच जागा या अर्जांना मिळायला हवी.