देवळालीचे गणितशिक्षक : द. रा. कापरेकर

नाशिकजवळील देवळाली हे गाव लष्करी छावणी आणि निरोगी हवा यांसाठी प्रसिद्ध आहे. गणिताच्या जगात मात्र या गावाचे नाव एका शाळामास्तरामुळे पोहोचले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीच्या शाळेत अध्यापन केले. त्यांच्याजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातील पद नव्हते, प्रयोगशाळा नव्हती आणि यंत्रही नव्हते. तरीही आज संख्या सिद्धांताच्या ग्रंथांत त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्या आढळतात. लहान गावातील शिक्षकाला संशोधन करता येईल काय, या नेहमीच्या प्रश्नाला त्यांचे जीवन हेच उत्तर आहे.

शिक्षण आणि नोकरी

कापरेकरांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण ठाणे येथे आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, त्यांना स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे विज्ञान पदवीधर झाले आणि पुढील वर्षी देवळालीस शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेचे काम सांभाळून उरलेला वेळ त्यांनी अंकांच्या अभ्यासास दिला.

६१७४ चे नवल

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४९ मधील आहे. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन तो स्वतःच पडताळून पाहावा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. फक्त चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९५१० मधून ०१५९ वजा जाऊन ९३५१ येतात. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४ येतात. यानंतर क्रिया कितीही वेळा केली तरी उत्तर बदलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४ च. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हेच उत्तर मिळते. ६१७४ ला आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

यात जादू नाही, शुद्ध अंकगणित आहे. अंक उतरत्या क्रमाने मांडले, की वजाबाकीचे उत्तर केवळ दोन गोष्टींवर ठरते. पहिल्या व शेवटच्या अंकांतील फरकास ९९९ ने आणि मधल्या दोन अंकांतील फरकास ९० ने गुणून बेरीज केली असता तेच उत्तर येते. मधला फरक बाहेरच्या फरकाहून मोठा असू शकत नाही. त्यामुळे पहिल्याच वजाबाकीनंतर हजारो संख्यांऐवजी अवघी ५४ उत्तरे संभवतात. एवढी प्रकरणे चिकाटीचा विद्यार्थी हातानेही तपासू शकतो.

अंकांना दिलेली नावे

कापरेकरांनी संख्यांचे अनेक नवे वर्ग शोधले आणि त्यांना आपल्या मातीतील नावे दिली. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी संख्या. उदाहरणार्थ, १२ ला ३ ने. २३ मध्ये तिचे अंक मिळविले की २८ येतात. म्हणून २३ ही २८ ची जनक संख्या होय. परंतु २० अथवा ३१ यांना असा जनकच नाही. अशा स्वयंभू संख्यांशी त्यांनी आपल्या गावाचे, देवळालीचे, नाव जोडले. ४५ चा वर्ग २०२५ होतो आणि २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५ येते. असा गुण असलेल्या संख्या ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात.

उपेक्षा आणि मान्यता

हे सारे काम अनेक व्यावसायिक गणितज्ञांना केवळ करमणुकीचे वाटले. फारसा मान नव्हता आणि पैसाही नव्हता. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने त्यांना उतारवयात शिकवण्या कराव्या लागल्या. अभ्यास मात्र थांबला नाही. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला आणि त्यांचे नाव जगभर झाले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

संगणकाच्या वर्गात

कापरेकरांनी जे कागदावर केले, ते आज तालुक्याच्या गावीही शाळेतील संगणकावर करता येते. गणित आणि संगणक हे दोन्ही विषय शिकविणाऱ्या शिक्षकास ६१७४ हा उत्तम धडा आहे. अंकांची क्रमवार मांडणी, तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणे आणि कोठे थांबावे हे ठरविणे, या प्रोग्रॅम लेखनाच्या तीन मूलभूत गोष्टी त्यात एकत्र येतात. सारखे अंक असलेल्या नऊ संख्या वगळता उरणाऱ्या ८९९१ चार अंकी संख्या संगणक क्षणार्धात तपासतो. येथे एक सावधगिरी हवी. २१११ पासून आरंभ केल्यास पहिले उत्तर ०९९९ येते. त्यातील आरंभीचे शून्य गाळले, तर पुढील वजाबाकीत शून्य हाती लागते. शून्य राखले, तर ८९९१, ८०८२ व ८५३२ असे होत ६१७४ वर पोहोचता येते. यंत्र सांगितले तेवढेच करते, हे विद्यार्थ्यांना यातून आपोआप उमगते.

मात्र सर्व संख्या तपासून झाल्या तरी ‘असे का होते’ हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर ५४ प्रकरणांच्या विचारात आहे आणि तो विचार माणसालाच करावा लागतो. साधने अपुरी असतानाही हा प्रश्न न सोडणारा शिक्षक आपल्या राज्यातील एका लहान गावात होऊन गेला. विद्यार्थ्यांपुढे संगणक सुरू करताना त्यांचे नाव आणि त्यांची जिज्ञासा या दोहोंची ओळख करून देणे, हेच त्यांचे उचित स्मरण ठरेल.