आभासी यंत्रे आणि वेगळ्या वाटा

भिलाईच्या पोलाद कारखान्याला दल्ली-राजहरा येथील खाणींतून लोहखनिज येते. खनिजाच्या मालगाड्या आणि प्रवासी गाड्या एकाच लोहमार्गावरून, सिग्नलच्या शिस्तीने धावतात. मात्र झोतभट्टीतून निघालेले वितळलेले लोखंड कारखान्याच्या अंतर्गत रुळांवरूनच पुढे जाते. १९५९ साली पहिली भट्टी पेटली, तेव्हापासून ते सार्वजनिक मार्गावर आणण्याचा विचार कोणी केला नसेल. बँकेच्या संगणक केंद्रातही असाच विवेक आवश्यक असतो.

पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर असे. आता एकाच सर्व्हरवर अनेक ‘आभासी यंत्रे’ चालतात : एकावर इंटरनेट बँकिंग, दुसऱ्यावर ग्राहकांची खाती, तिसऱ्यावर कर्मचाऱ्यांचे ई-मेल. जागा आणि वीज वाचते, हे खरेच. परंतु या सर्वांची माहिती एकाच तारेतून वाहू लागली, तर एका ठिकाणी शिरलेल्या चोराला इतर दालने फार दूर राहत नाहीत.

यावर एक उपाय म्हणजे व्हीलॅन. यात माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर क्रमांकाची चिठ्ठी लावली जाते. असे ४०९४ क्रमांक वापरता येतात. तार एकच, शिस्त चिठ्ठीची. म्हणजे सिग्नलवर चालणारा लोहमार्गच. स्विचची मांडणी चुकली, तर ही शिस्तही मोडते. दुसरा उपाय खर्चिक आहे : सर्व्हरमध्ये अनेक नेटवर्क कार्डे बसवून प्रत्येकाला वेगळा आभासी स्विच, वेगळी तार आणि पलीकडे वेगळा भौतिक स्विच जोडणे.

वितळलेले लोखंड कोणते, हे ओळखणे महत्त्वाचे. सर्व्हरच्या व्यवस्थापनाची वाहतूक त्यात प्रथम येते. तिच्यावर ताबा मिळाला की सर्व यंत्रांच्या किल्ल्याच हाती आल्या. त्यानंतर चालू यंत्राचे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर होणारे स्थलांतर. त्या वेळी यंत्राची संपूर्ण स्मृती, तीतील पासवर्डसह, तारेतून जाते. व्हीएमवेअरच्या प्रणालीत ती कूटबद्ध करण्याची सोय २०१६ मध्ये आली. तोवर वेगळी तार हेच मुख्य संरक्षण होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर चोरीस गेले. परदेशी रक्कम पाठविणारे संगणक उर्वरित जाळ्यापासून नीट विलग केलेले नव्हते, असे तेथील तपास अधिकाऱ्यांनी सांगितले. यात आभासी यंत्रांचा दोष नव्हता. प्रश्न विलगतेचाच होता.

तारा वेगळ्या केल्यावरही दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एखाद्या आभासी यंत्राला सोयीसाठी दोन्ही जाळ्यांची कार्डे दिली, तर तेच यंत्र पूल बनते आणि सारा खर्च व्यर्थ जातो. तसेच एका जाळ्यासाठी दोन तारा घेतल्या, तर त्या दोन निरनिराळ्या स्विचना जोडलेल्या असाव्यात. दोन्ही एकाच स्विचला असतील, तर तो बंद पडताच त्या जाळ्यावरील सेवाही थांबते आणि काउंटरवरील रांग वाढू लागते.