मितानिन आणि उद्दिष्ट : लोकसंख्येच्या परिभाषेतील दोन शब्द

एखादा समाज लोकसंख्येच्या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे त्याने त्यासाठी योजलेल्या शब्दांवरून पुष्कळसे कळते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत आपले कार्य आरंभिले, तेव्हा त्यांचा शब्द होता ‘संततिनियमन’. त्यांच्या विचारात निर्णयाचा अधिकार व्यक्तीचा, विशेषतः स्त्रीचा होता. १९५२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे ‘कुटुंबनियोजन’ हा शब्द रूढ झाला. नियोजन कुटुंबाने करावयाचे की कुटुंबाचे नियोजन राज्याने करावयाचे, ही संदिग्धता त्या समासातच होती. कालांतराने ‘उद्दिष्ट’ आले. शिक्षक व तलाठी ‘केस’ आणू लागले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७७ मध्ये कार्यक्रमास ‘कुटुंबकल्याण’ हे नाव मिळाले. उद्दिष्टांची पद्धती मात्र १९९६ पर्यंत टिकून राहिली.

वास्तविक, १९७४ च्या बुखारेस्ट येथील जागतिक परिषदेत भारताचे प्रतिनिधी डॉ. करणसिंग यांनीच विकासाला संततिनियमनाचे सर्वोत्तम साधन म्हटले होते. या म्हणण्यास आधार होता. जन्मलेली मुले जगतील अशी खात्री वाटू लागली आणि मुली शिकू लागल्या, की जन्मप्रमाण उतरते, हा आशिया खंडात श्रीलंका व केरळ यांचा अनुभव आहे.

परंतु विकास कोणाचा, हा प्रश्न उरतोच. भिलाईच्या परिसरात तो स्पष्ट दिसतो. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. आखीव वसाहती, शाळा व रुग्णालय नियमित कामगारांच्या वाट्यास आले. या कारखान्यास लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींतील कंत्राटी मजूर त्या सोयींपासून बहुतांशी दूरच राहिले. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेच्या एका स्त्री पदाधिकाऱ्याचा बाळंतपणात मृत्यू झाला, आणि आरोग्य हा संघटनेच्या लढ्याचा विषय बनला. कामगारांनी स्वतःच्या वर्गणीने व श्रमाने १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल सुरू केले. १९७७ च्या पोलीस गोळीबारात बळी पडलेल्यांचे स्मरण त्या नावात आहे.

छत्तीसगढ राज्य झाल्यावर २००२ मध्ये गावपातळीवरील आरोग्यसेविकांची योजना आली. तिला नाव मिळाले ते छत्तीसगढी लोकव्यवहारातले : ‘मितानिन’. विधिपूर्वक जोडलेली, जातीची सीमा ओलांडणारी, जन्मभर पाळावयाची मैत्री त्या शब्दात अभिप्रेत आहे. पाऱ्याने, म्हणजे वस्तीने, आपल्यातलीच एक स्त्री निवडावी, अशी कल्पना होती. २००५ पासूनच्या राष्ट्रीय ‘आशा’ योजनेमागे या अनुभवाची मोठी प्रेरणा होती.

तथापि नाव बदलल्याने वृत्ती बदलतेच असे नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. या व लगोलग भरलेल्या शिबिरांतील १३ स्त्रिया दगावल्या. ‘उद्दिष्ट’ कागदावरून गेले होते, व्यवहारातून नव्हे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार छत्तीसगढात दर स्त्रीमागे अपत्यांचे सरासरी प्रमाण २००५-०६ मध्ये २.६ होते, २०१९-२१ मध्ये ते १.८ झाले, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या २.१ या पातळीच्याही खाली गेले. याच काळात हजार जन्मांमागे बालमृत्यू ७१ वरून ४४ वर आले. पण देशाची सरासरी ३५ होती. उद्दिष्टाच्या भाषेत पाहिले तर प्रश्न सुटला आहे. मितानिनीच्या भाषेत पाहिले तर हजारातील ४४ घरांचा प्रश्न अजून शिल्लक आहे. धोरणाचे मूल्यमापन यांपैकी कोणत्या भाषेत करावयाचे, हा केवळ शब्दांचा वाद नाही. त्यावर माणसांचे जगणे अवलंबून आहे.